२६वा आठवडा, आणि रात्री अकराला गोड हवंच! मदत हवी आहे

पहिलं बाळंतपण आहे. आधी मी तिखट-आंबट खाणारी, गोडाचं फारसं वेड नव्हतं. आता दुपारी चारला आणि रात्री अकराला असं होतं की साखरेचा डबा जरी दिसला तरी चमचा घालावा.

मागच्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी झाली. उपाशीपोटी ८८, एका तासाने १७१, दोन तासांनी १४६. डॉक्टर म्हणाल्या, नॉर्मल आहे पण काठावर, गोड आवरा. घरी आल्यावर गोड एकदम बंद केलं. चार दिवस निभावलं, पाचव्या दिवशी बिस्किटांच्या अख्ख्या पुड्याचा फडशा पाडला आणि मग बसून रडले. आता साखरेऐवजी मध आणि खजूर चालू आहेत. सकाळी मळमळ होते म्हणून नुसता चहा घेते, जेवण थेट एकला.

हे डोहाळेच म्हणायचे की माझं काही चुकतंय? ज्यांनी यातून वाट काढली त्यांनी सांगा. 'मनावर ताबा ठेव' हे कृपया नको, ते सासरी-माहेरी दोन्हीकडून मिळतंय.

प्रतिसाद १
दोन जिवांची आहेस, खा गं! इतकं काय.

प्रतिसाद २
वरच्या ताई, रागावू नका, पण काठावरच्या आकड्यांना हा सल्ला नको. मर्यादा ९२, १८० आणि १५३ अशा आहेत, आणि तिन्हींपैकी एक जरी गाठली तरी गर्भावस्थेतला मधुमेह धरतात. मला दुसऱ्या खेपेला झाला होता.

धागाकर्ती, तुझ्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू शेवटी सहज लिहून गेलीस. सकाळी नुसता चहा, जेवण एकला! रात्रीच्या जेवणापासून मोजलंस तर किती तास उपाशी राहतेस बघ. एवढ्या भुकेवर शरीर झटपट साखरच मागणार. शिवाय या महिन्यांत वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. त्यामुळे रिकाम्या पोटी खाल्लेलं गोड रक्तातली साखर झपकन वर नेतं.

मला जमलं ते असं. उठल्यावर आधी काहीतरी कोरडं, मग तासाभरात अंडं किंवा दही किंवा डाळीचं काहीतरी. पोटात प्रथिनं गेली की चारची तलफ निम्म्यावर आली. पूर्ण बंद मी कधीच केलं नाही. गोड खायचंच तर जेवणानंतर लगेच, दोन घास, ताटलीत काढून आणि बसून. पुड्यातून खाल्लं की हिशोब राहत नाही. नंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं, आकडा खरंच खाली येतो. फळ चावून खायचं, रस नको. बरोबर मूठभर बदाम किंवा शेंगदाणे. आणि मध म्हणजे साखरच गं, खजूरही दोनाच्या पुढे नको. कोल्ड्रिंक पीत असशील तर आजच सोड, ३३० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते.

रात्री अकराला मला बऱ्याचदा गोड नाही, झोप हवी असायची. तरी भूक असेलच तर बिनसाखरेचं कपभर दूध.

प्रतिसाद ३
बर्फ, माती, खडू असलं काही खावंसं वाटत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगा, लोह कमी असू शकतं. गोडाबरोबर खूप तहान लागत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

धागाकर्ती
बर्फ नाही, तहानही नेहमीचीच. सकाळच्या उपासाचा आणि रात्रीच्या पुड्याचा संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. तीन दिवस उठल्यावर टोस्ट, तासाने उकडलेलं अंडं. चारला भूक लागली, पण वेड नाही लागलं. अकराचं अजून तसंच आहे. एक विचारू? फळांच्या चवीचं तयार दही चालेल का?

प्रतिसाद २
मागची पट्टी वाच, बहुतेकांत साखर घातलेली असते. साधं घे, वर फळ चिरून टाक.

धागाकर्ती
वाचली. उरलेले दोन डबे नवऱ्याला दिले, आणि त्याने बिस्किटं वरच्या फळीवर ठेवलीत. या पोटाने मी स्टुलावर चढत नाही.