जेलमधून सुटून आलेल्या बाईला बचत गटात घ्यायचंय, बाकीच्या ऐकत नाहीत

रातांबा, राजापूर:
आमच्या वाडीतली एक बाई शिक्षा भोगून येरवड्याहून परत आलीये. सासरच्यांनी दारात उभं केलं नाही, मुलगी पण तिकडेच, आता माहेरी भावाच्या पडवीत राहते. केस काय होती ते इथे नको. आमचा उमेदचा गट आहे, आमसूल, आगळ, फणसपोळी करतो, मी सचिव. तिला घ्यावं असं मला मनापासून वाटतं कारण तिथे शिलाई शिकून आलीये आणि कामाला वाघ आहे, पण दोघीजणी म्हणतात बँकेचं कर्ज अडकेल आणि तिसरी म्हणते तिच्या हातची आमसुलं कोण घेणार. अजून संध्याकाळी पाच-साडेपाचलाच जेवून घेते बिचारी, तिथे संध्याकाळी बराकीला कुलूप लागायच्या आधी जेवण उरकायचं ना, ती सवय. वहिनीला त्याचाही राग. काय करू?

पासबुक:
कर्जाचं टेन्शन घेऊ नका. जेलमध्ये होती म्हणून गटाचं कर्ज अडवा असा कुठलाही नियम नाही. उलट एखाद्या मेंबरचं स्वतःचं जुनं कर्ज थकलेलं असलं तरी तेवढ्यावरून अख्ख्या गटाला सहसा अडवू नये, गट थकबाकीत नसला म्हणजे झालं, असं रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे. बँक बघते ती पंचसूत्री, म्हणजे बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. तिचं खातं मात्र बघून घ्या, 2 वर्षं व्यवहार नसला की निष्क्रिय होतं, केवायसी दिली की परत चालू होतं आणि त्याला पैसे पडत नाहीत, कोणी मागितले तर देऊ नका.

कोर्टाची_पायरी:
ताई आधी तिला नीट विचारा, शिक्षा पूर्ण झालीये की अपील चालू असताना जामिनावर आलीये? घरच्यांना बऱ्याचदा फरक कळत नाही आणि मग तारीख चुकते, वॉरंट निघतं, केलेलं सगळं पाण्यात. सुटकेचा कागद असेल त्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवा. मग रेशनकार्ड, सासरच्या कार्डातून नाव कमी झाल्याशिवाय इकडे चढत नाही, तहसीलच्या पुरवठा शाखेत दोनतीन चकरा होतातच, एकटीला पाठवू नका, खिडकीवरचा माणूस "इतकी वर्षं कुठे होतात" विचारतो आणि बाई तिथूनच मागे फिरते. मुलीसाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा, बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन केलात तरी चालेल. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात सासरी राहण्याचा हक्क पण मागता येतो, पण तिला तिथे परत जायचंय का ते तिलाच ठरवू दे.

मालवणी_झिल:
ह्यां सगळां खरां, पण लोकांची तोंडां कोण धरतलो? आणि एक विचारू का, राग मानू नका. ज्यांच्या घरावर ते बेतलं ती माणसं तुमच्याच गावात आहेत का? असतील तर त्यांच्याशी आधी बोला, नाहीतर गणपतीत चाकरमानी आले की हाच विषय निघणार.

रातांबा, राजापूर:
नाही, ते लोक तिच्या सासरच्या गावचे, इकडे कोणी नाही. आणि झिलभाऊ, तोंडं तशीही चालूच आहेत.

काजूबी:
आमच्या गटात अशी एक आहे. बैठकीत तिची "ओळख" वगैरे करून देऊ नका, भाषण तर अजिबात नको, सरळ कामाला बसवा. रातांबे फोडायला पाचसहा जणी गोल करून बसलो की हात लाल होईस्तोवर गप्पा चालतात, त्यात ती आपोआप मिसळली. जी सगळ्यात जास्त विरोधात होती तिच्याच पोरीची घागरा-चोळी हिने शिवून दिली. फक्त पहिले काही महिने पैशांची पेटी तिच्या हातात देऊ नका. विश्वास नाही म्हणून नाही हो, कुठे दहा रुपये कमी पडले तरी सगळ्यांची नजर पहिली तिच्याकडेच जाणार म्हणून.

रातांबा, राजापूर:
पेटीचं डोक्यातच आलं नव्हतं. तिला विचारलं, शिक्षा पूर्ण झालीये, कागद आहे. सोमवारी तिला घेऊन पुरवठा शाखेत जाते, तिथूनच बँकेत. वहिनीचं काय करायचं ते पण सांगा कोणीतरी.