देवस्थानच्या बागेतील जुने पाळणे बदलायचे आहेत. महाशिवरात्रीची गर्दी लक्षात घेता काय घ्यावे?

पैनगंगाकाठ :
सर्वांना नमस्कार. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आमच्या गावाच्या तलावाकाठी महादेवाचे देऊळ आहे आणि त्याला लागूनच देवस्थान समितीने उभारलेली सुमारे तीन एकरांची बाग आहे. बारा पाळण्यांचा आकाशपाळणा, चोवीस घोड्यांचे चक्र, तीन डब्यांची झुकझुकगाडी, होडीचा झुला आणि सिमेंटच्या घसरगुंड्या हे सारे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बसवलेले आहे. होडीचा झुला गेल्या हंगामापासून बंद आहे, आकाशपाळण्याचे बेअरिंग देवळाच्या पायरीपर्यंत ऐकू येईल इतके कुरकुरते, आणि निम्म्या घोड्यांचे कान मुलांनी धरून धरून झिजले आहेत.

एरवीच्या रविवारी पाचशे-सहाशे माणसे येतात व त्यांची सोय नीट होते. खरी अडचण महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी होते, कारण दर्शन आटोपलेला माणूस सरळ बागेत शिरतो आणि संध्याकाळी पाचनंतर एका वेळी चार हजारांपर्यंत लोक आत असतात. फाटक एकच आहे, तेही दोन मीटर रुंदीचे, आणि येणारे-जाणारे त्यातच एकमेकांना भिडतात.

समितीतील तरुण मंडळींना झुकझुकगाडी भंगारात काढून तिच्या जागी ‘ब्रेक डान्स’ (फिरत्या चकतीवर आसनेही गरगर फिरवणारे यंत्र) आणि उंचावरून खाली सोडणारा मनोरा हवा आहे. एका पुरवठादाराने तसा प्रस्तावही दिला असून, मनोरा आला की गर्दी आपोआप वाटली जाईल, असे त्याचे म्हणणे आहे. हाती ३५ लाख रुपये आहेत आणि त्यातील बराचसा पैसा कापूस विकून लोकांनी दिलेल्या देणग्यांचा आहे. काय काढावे, काय ठेवावे आणि काय नवे घ्यावे, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मेळघाटपायथा :
भाऊ, मनोऱ्याच्या भानगडीत पडू नका. आमच्या बाजूच्या एका बागेत असेच एक यंत्र आणले होते. त्याच्या नियंत्रण-पेटीतील एक सुटा भाग मिळेना, म्हणून ते अख्खा उन्हाळा ताडपत्री पांघरून उभे राहिले आणि लोक त्याच्या सावलीत बसून गुपचूप (पाणीपुरी) खात होते. गावच्या वायरमनला आणि तालुक्याच्या वेल्डरला जे हाताळता येत नाही, ते यंत्र गावात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना फिटर :
पैनगंगाकाठ भाऊ, आपण यंत्रांची यादी दिली, परंतु कोणते यंत्र तासाभरात किती माणसे फिरवून मोकळी करते, हे त्यात नाही, आणि गर्दीचा हिशेब तिथूनच सुरू होतो. आकाशपाळण्यात प्रत्येकी चार जण धरले तर ४८ माणसे बसतात. पण एकेक पाळणा खाली आणून माणसे उतरवायला आणि चढवायला अर्धा मिनिट धरले, तर बारा पाळण्यांना सहा मिनिटे लागतात, आणि फिरण्याची चार मिनिटे मिळवली की एक फेरी दहा मिनिटांची होते. म्हणजे तासाला जास्तीत जास्त २८८ माणसे. घोड्यांचे चक्र तीन मिनिटे फिरले आणि चढ-उतारीला तीन मिनिटे गेली, तर तासाला २४०. झुकझुकगाडीच्या डब्यात सोळा जण बसत असतील आणि सहा मिनिटांची फेरी व चार मिनिटांची चढ-उतार असेल, तर तिथेही २८८ च येतात. तिन्ही यंत्रे भरून चालली तरी तासाला आठशेच्या थोडी वर माणसे होतात.

आता दुसरा आकडा पाहा, कारण समितीने तोच पाहिलेला दिसत नाही. कोणत्याही एका क्षणी या तिन्ही यंत्रांवर मिळून फार तर १२० माणसे बसलेली असतात आणि उरलेली ३,८८० जमिनीवर उभी असतात. बत्तीस जणांचा नवा ‘ब्रेक डान्स’ आणला, तर १२० चे १५२ होतील. यंत्राने गर्दी वाटली जाते, हे पुरवठादाराचे म्हणणे इथेच कोसळते. उलट नव्या यंत्राभोवती बघ्यांचे कोंडाळे होते आणि तेवढी मोकळी जागा कायमची जाते. म्हणून पैशाचा मोठा वाटा जमिनीवरच्या माणसासाठी खर्च करा, असे मी सुचवेन.

झुकझुकगाडी काढू नका. तिला फक्त दुसरा फलाट बांधा, म्हणजे उतरणारे एका बाजूने उतरतील आणि चढणारे त्याच वेळी दुसऱ्या बाजूने चढतील. चढ-उतारीची चार मिनिटे दोनवर आली की फेरी आठ मिनिटांची होते आणि तासाला २८८ ऐवजी ३६० माणसे जातात. खर्च काय तो विटा-सिमेंटचा. शिवाय आजी आणि नातू एकत्र बसू शकतील असे आपल्या यादीतील सर्वांत सोयीचे वाहन हेच आहे. शेगावच्या आनंद सागरची आठवण काढताना आपल्याकडची माणसे अजूनही तिथल्या झुकझुकगाडीपासूनच सुरुवात करतात, हे तरुण मंडळींना जरूर सांगा.

जुने मोडून नवे करताना सर्वच मोडावे लागत नाही. अमेरिकेत फ्लोरिडा येथील डिस्नेच्या उद्यानात ‘स्प्लॅश माउंटन’ ही पाण्यातून घसरत येणाऱ्या होड्यांची जुनी सफर जानेवारी २०२३ मध्ये बंद केली आणि जून २०२४ मध्ये नव्या कथेच्या सजावटीसह उघडली. पाण्याचा मार्ग आणि उतार मात्र तेच ठेवले. ज्यांच्याकडे पैशाला तोटा नाही, त्यांनीही मजबूत बांधकाम वाचवले. आपणही घोड्यांच्या चक्राचा मधला खांब आणि गिअर-पेटी तपासून घ्या. ती शाबूत असतील तर केवळ घोडे नवे बसवा, आणि जमल्यास घोड्यांत चार-दोन बैल घालून बघा, पोळ्याच्या गावात मुले त्यांच्यासाठीच भांडतील.

तपासणी म्हणजे नुसते डोळ्यांनी पाहणे नव्हे. झुल्याच्या जोडावरचा रंग खरवडून धातू उघडा करावा, त्यावर लाल रंगाचे पातळ द्रव फवारून दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावे, मग कापडाने पूर्ण पुसून पांढऱ्या पावडरीचा फवारा मारावा. जोडाला केसाएवढी जरी भेग असली, तरी आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघेसारखा उमटतो. याला डाय पेनिट्रंट चाचणी म्हणतात आणि नागपूर-अमरावतीकडचा कोणताही वेल्डिंग निरीक्षक ती जागेवर येऊन करू शकतो. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी लंबकासारखा झुलणारा झुला तुटून दोन जणांचा जीव गेला व पंचवीसहून अधिक जखमी झाले. आपला होडीचा झुला त्याच जातीचा आहे. तो दुरुस्त करण्याच्या फंदात न पडता काढूनच टाकावा.

पैनगंगाकाठ :
फिटर साहेब, हिशेब उद्याच समितीपुढे ठेवतो. जमिनीवरच्या माणसासाठी खर्च करायचा म्हणजे नेमके काय करायचे, आणि मोठ्या देणगीदारांच्या कुटुंबांसाठी वेगळी छोटी रांग ठेवावी का, हेही कोणी सांगावे. समितीत त्यासाठी फार आग्रह आहे.

दारव्ह्याचे गुरुजी :
सर्वप्रथम फाटकाचे बघा, बाकी सर्व नंतर. ब्रिटनमधील क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी जे मार्गदर्शन आहे, त्यात सपाट वाटेवर रुंदीच्या प्रत्येक मीटरमागे मिनिटाला ८२ माणसे बाहेर पडू शकतात, असे धरतात आणि सारे प्रेक्षक जास्तीत जास्त आठ मिनिटांत बाहेर पडले पाहिजेत, अशी अपेक्षा ठेवतात. आपले फाटक दोन मीटरचे; चार हजार माणसांना बाहेर पडायला सुमारे पंचवीस मिनिटे लागतील, तीही समोरून कोणी आत येत नसेल तर. आठ मिनिटांत बाग मोकळी व्हायची असेल, तर एकूण सहा मीटरांहून थोडी अधिक रुंदी हवी. जुने फाटक केवळ प्रवेशासाठी ठेवून, तलावाच्या विरुद्ध बाजूला तीन-तीन मीटरांची दोन आणि त्यांखेरीज एक लहान, अशी बाहेर पडण्याची फाटके करावीत, ती बाहेरच्या बाजूला उघडणारी असावीत आणि कार्यक्रम चालू असेपर्यंत त्यांना कुलूप नसावे. बाहेर पडल्यावर लगेच काळी-पिवळी जीप आणि बैलगाड्या उभ्या असतील, तर फाटक असून नसल्यासारखेच होईल, तेव्हा वाहनतळ निदान दोन शेते पलीकडे हलवा.

२००५ साली साताऱ्याच्या मांढरदेवी यात्रेत जवळजवळ ३०० भाविक गेले. अरुंद चढ, निसरड्या पायऱ्या, दाटलेली माणसे आणि त्यात लागलेली आग. मे २०२४ मध्ये राजकोटच्या खेळघरात आग लागली, तेव्हा तात्पुरत्या बांधकामातून बाहेर पडायला वाट पुरली नाही. आपल्याकडे महाशिवरात्रीला बागेत भज्यांच्या कढया आणि गॅसच्या टाक्या असतात; त्या झुल्यांपासून व वाटांपासून दूर, एका कडेला न्याव्यात. एका चौरस मीटरमध्ये चारच्या वर माणसे उभी राहू लागली, की मोकळेपणाने हलणे अवघड होऊ लागते, एवढे स्वयंसेवकांना शिकवून ठेवा. चुन्याने जमिनीवर एक मीटरचे दोन-चार चौकोन आखून ठेवले, तर पोरांनाही एका नजरेत कळते.

रांगेबाबत. आकाशपाळण्यापुढे तीनशे माणसे उभी असतील, तर शेवटच्या माणसाला तासाहून अधिक थांबावे लागणार, हे फिटर साहेबांच्या हिशेबावरून उघड आहे. त्यापेक्षा बांबू-बल्ल्यांची वळणदार रांग शंभर माणसांपुरतीच करावी, तिच्या तोंडाशी ‘येथून वीस मिनिटे’ अशी पाटी लावावी आणि पुढच्यांना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रंगीत चिठ्ठ्या द्याव्यात. सहाची निळी, साडेसहाची पिवळी. चिठ्ठी घेतली की माणूस मोकळा फिरतो, रसवंतीवर जातो, भजनाला बसतो. डिस्नेने १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘फास्टपास’ची कल्पना मुळात हीच होती, आणि ती विनामूल्य होती.

वरुडची ताई :
देणगीदारांच्या रांगेबद्दल मी लिहिते. त्याच डिस्नेने २०२१ मध्ये विनामूल्य चिठ्ठी मोडीत काढून पुढे जाण्यासाठी पैसे घ्यायला सुरुवात केली आणि त्यावरून तिथले लोकही अजून बोटे मोडतात. पाळण्यावर जागा तेवढ्याच राहतात. एकाला पुढे घेतले की दुसरा तेवढाच मागे जातो. गावात तर मागे राहिलेला माणूस पुढे गेलेल्याला नावानिशी ओळखतो, म्हणून हा आग्रह समितीने सरळ नाकारावा. देणगीदारांची नावे फलाटाच्या भिंतीवर फरशीत कोरा, ते त्यांना अधिक आवडेल. आधी जागा द्यायचीच असेल, तर गरोदर बाई, तान्हे मूल घेतलेली आई आणि काठी टेकत आलेला म्हातारा यांना द्या. त्यावर कोणी भांडत नाही.

जमिनीवरच्या माणसाला काय हवे, हे बायकांना विचारले असते तर एका मिनिटात कळले असते. सावली, बसायला जागा, पिण्याचे पाणी आणि दाराला कडी असलेले स्वच्छतागृह. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि लोखंडी आसन दुपारी हाताला चटका देते. म्हणून तर सारी गर्दी पाचनंतर एकदम कोसळते. कडुनिंब, करंज आणि वडाची झाडे आत्ताच लावा, ती वाढेपर्यंत रांगांवर हिरवी जाळी ताणा, आणि झाडांभोवती पार बांधा. सावली झाली तर माणसे दुपारी चारलाही येतील व संध्याकाळचा भार हलका होईल. शेगावच्या संस्थानातली सेवेकऱ्यांची शिस्त आपण सारे वाखाणतो. तशी प्रत्येक रांगेच्या तोंडाशी एक बाई, एक पुरुष अशी माणसे उभी करा, आणि चुकलेल्या मुलांसाठी ध्वनिक्षेपकाजवळ एक ठरलेली जागा ठेवा.

मेळघाटपायथा :
ताई, उन्हाळ्यासाठी पाण्याच्या कारंज्यांत खेळण्याची जागा केली तर? अशा जागेत मुले एकाच वेळी पुष्कळ मावतात आणि रांगही लागत नाही.

वरुडची ताई :
कल्पना चांगली आहे, पण पाणी गाळून व क्लोरीन घालून पुन्हा फिरवावे लागते, आणि त्यात एक दिवस कसूर झाली तर मुले आजारी पडतात. शिवाय टँकरवर गाव जगत असताना देवस्थान कारंजी उडवते, हे बरे दिसणार नाही. त्यापेक्षा वाळूचा हौद, दोऱ्यांची जाळी आणि रुंद घसरगुंड्या घ्या. तिथेही रांग लागत नाही आणि वीजही लागत नाही.

जुना फिटर :
ताईंशी सहमत. आकाशपाळणा नवा घेणार असाल, तर दोन गोष्टी आणखी. आपल्या भागात काळी जमीन आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, त्यामुळे वरवर ओतलेला सिमेंटचा चौथरा दोन-तीन वर्षांत तिरका होतो आणि मग बेअरिंगला दोष दिला जातो. पाया काळी माती ओलांडून कडक मुरमापर्यंत नेला पाहिजे आणि भोवतीचे पाणी बाहेर काढणारी नाली पाहिजे. आपले बेअरिंग कुरकुरते, तेही आधी ओळंब्याने खांब तपासून मगच बदला. पुरवठादाराकडून नकाशे, जोडांच्या चाचण्यांचे अहवाल आणि सुट्या भागांची यादी लेखी घ्या, आणि शेवटचा हप्ता सार्वजनिक बांधकाम विभागाच्या यांत्रिकी शाखेचा व विद्युत निरीक्षकाचा दाखला मिळाल्यावरच द्या. फाटके, फलाट आणि सावली ही कामे दिवाळीपूर्वी सुरू करता येतील; पाळण्याचा पाया मात्र पावसाळा सरून जमीन वाळल्यावरच खणावा, म्हणजे महाशिवरात्रीच्या आधी दोन-तीन साधे रविवार चालवून पाहायला मिळतील.

होडीच्या झुल्याचा सांगाडा भंगारवाल्याला देताना गॅस-कटरने त्याचे तुकडे करूनच द्या आणि वजनकाट्याची पावती समितीच्या नावाने घ्या, नाहीतर रंग मारून तोच झुला पुढच्या हंगामात दुसऱ्या एखाद्या जत्रेत उभा केला जातो.