आयसीयूत चौघांच्या रक्तात बर्कहोल्डेरिया सेपेसिया: नमुने कुठून घ्यायचे?

वॉर्डची_आयसीएन
आठ खाटांचं मेडिकल आयसीयू. ११ दिवसांत चार ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) बर्कहोल्डेरिया सेपेसिया हा जंतू. चौघांचा अँटिबायोग्राम (जंतूवर कोणतं अँटिबायोटिक चालतं, कोणतं नाही) एकसारखा: कोलिस्टिन आणि जेंटामायसिन रेझिस्टंट, कोट्रायमोक्साझोल, सेफ्टाझिडिम, मेरोपेनेम सेन्सिटिव्ह. खाटा १, ४, ५ आणि ८. तिघांना सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आहे, चौथ्याला फक्त हाताला व्हेनफ्लॉन (छोट्या शिरेतली सुई-नळी). मॅनेजमेंटचं म्हणणं, आयसीयू रिकामं करून फ्युमिगेशन करा आणि भिंती, फरशी, एसी, सगळीकडचे स्वॅब पाठवा. लॅब म्हणते एका वेळी ६० स्वॅब झेपणार नाहीत. सुरुवात कुठून करू?

पेट्रीडिश
सिस्टर, आधी फ्युमिगेशन थांबवा. हा जंतू ओलाव्यातला आहे. डिस्टिल्ड वॉटर, सलाईन, पातळ केलेलं अँटिसेप्टिक, कशातही तो तग धरतो आणि वाढतोही. सलाईनच्या बाटलीत बसलेला जंतू खोलीतल्या धुराने मरत नाही. उलट त्या गडबडीत ट्रॉलीवरच्या उघड्या बाटल्या कचऱ्यात जातात आणि पुरावाच संपतो. आत्ता उघडं असलेलं प्रत्येक औषध, फ्लश (शिरेतली नळी धुवायचा द्रव), अँटिसेप्टिक बॅच नंबरसकट पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. त्यांच्या जागी नवा माल काढा, जमल्यास वेगळ्या बॅचचा.

अँटिबायोग्राम जुळतो यावर फार विसंबू नका. कोलिस्टिन आणि जेंटामायसिनला हा जंतू मुळातच दाद देत नाही, म्हणजे तेवढी जुळणी फुकटचीच. स्ट्रेन (जंतूचा वाण) एकच आहे का हे टायपिंगने, म्हणजे वाण ओळखायच्या तपासणीने कळेल. चारही आयसोलेट (रुग्णांच्या रक्तातून वाढवलेले जंतू) ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ७० अंशांवर राखून ठेवायला लॅबला आजच सांगा.

मग ही खरी साथ आहे का ते बघा. रुग्णाला ताप नाही, दोनपैकी एकाच बाटलीत वाढ, लाइनही ठीक, असं असेल तर रक्त काढताना कातडीवर लावलेलं अँटिसेप्टिकच दूषित असू शकतं.

खरी असेल तर व्हेनफ्लॉनवाला रुग्ण तुमचा धागा. लाइन-लिस्टमध्ये (प्रत्येक रुग्णाची एका ओळीत माहिती असलेला तक्ता) कल्चरच्या तारखेआधीचे सात दिवस घ्या: कोणतं इंजेक्शन, कोणत्या बॅचचं, फ्लश कशाने, नेब्युलायझर होता का, माउथवॉश कोणता. सेंट्रल लाइन चौथ्याला नाहीच. मग चौघांच्या रक्तात गेलेलं समान काय, एवढाच प्रश्न उरतो.

ट्रॉली_बघा_आधी
बहुतेक ठिकाणी उत्तर ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात असतं. ५०० मिलीची एनएसची (नॉर्मल सलाईन) बाटली, रबरात खुपसून ठेवलेली सुई आणि त्यातून दिवसभर सगळ्यांचे फ्लश. हेपरिन फ्लशही अशाच बाटलीत करून ठेवलेला असतो. ती सुई म्हणजे बाटलीचं उघडं दार. शिवाय वापरलेली सिरिंज एकदा जरी आत गेली, तर पुढच्या प्रत्येक रुग्णाला तोच जंतू टोचला जातो. पर्याय १० मिलीची अँप्युल किंवा प्रीफिल्ड सिरिंज, एका रुग्णाला एकदाच.

दुसरी जागा स्पिरिटच्या कापसाचा स्टीलचा डबा. झाकण उघडं राहिलं की अल्कोहोल उडून जातं, मग कुणीतरी वरून भर घालतं, कधी त्यात पाणीही. प्रत्येक जण हात घालतो. आणि कापसातले बॅसिलसचे स्पोअर ७० टक्के अल्कोहोलनेही मरत नाहीत. डबा काढून टाका, एकेक सीलबंद स्वॅब वापरा.

फ्लिप-ऑफ टोपणाखालचं रबर निर्जंतुक असतं हा गैरसमज आहे. तेही घासून पुसा आणि वाळू द्या. मल्टिडोस वायलवर उघडल्याची तारीख लिहा. कंपनीने कमी मुदत दिली नसेल तर २८ दिवस.

ह्युमिडिफायर आणि नेब्युलायझरमध्ये फक्त निर्जंतुक पाणी. वरून भर घालायची नाही. रिकामं करून, वाळवून मगच पुन्हा भरायचं.

वॉर्डची_आयसीएन
रात्रपाळीच्या ट्रॉलीवर सुई खुपसलेली एनएसची बाटली आहे. ती आणि क्लोरहेक्सिडिनची बाटली पाठवते. लॅबला काही वेगळं सांगायचं?

पेट्रीडिश
हो, दोन्हींची पद्धत वेगळी. सलाईन ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेन फिल्टरमधून गाळा आणि तो फिल्टर प्लेटवर ठेवा. गाळण्याआधी रबराचा ओला स्वॅब वेगळा घ्या. सुई आहे तशी राहू दे, उपसू नका.

क्लोरहेक्सिडिन थेट प्लेटवर टाकलं तर ते तिथेही जंतूला दाबून ठेवतं आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. अँटिसेप्टिकचा असर मोडणारा न्यूट्रलायझर हवाच: ३ टक्के पॉलिसॉर्बेट ८०, ०.३ टक्के लेसिथिन. आयोडीन किंवा हायपोक्लोराइटच्या नमुन्याला ०.५ टक्के सोडियम थायोसल्फेटही. नळाचं पाणी घ्याल तेव्हा बाटलीत थायोसल्फेट आधीच घातलेलं असू द्या.

साध्या ब्लड अगारसोबत (जंतू वाढवायची नेहमीची प्लेट) सेपेसियाची सिलेक्टिव्ह प्लेट, म्हणजे इतर जंतूंना रोखणारी, लावा. पाण्यात उपाशी राहिलेले जंतू सावकाश वाढतात, म्हणून पाच दिवसांपर्यंत प्लेट फेकू नका.

स्टोअरवाला_फार्मासिस्ट
उघडी बाटली पॉझिटिव्ह आली तरी दोष तुमच्या वॉर्डाचा की कारखान्याचा, हे तेवढ्याने ठरत नाही. त्याच बॅचच्या सीलबंद बाटल्या स्टोअरमध्ये बाजूला काढा आणि लॅमिनार फ्लोखाली (गाळलेल्या स्वच्छ हवेचं कपाट) उघडून तपासा. त्यातही जंतू निघाला तर अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकांना लगेच कळवा. त्यांना न उघडलेल्याच बाटल्या लागतील, म्हणून सगळ्या तुम्हीच फोडून बसू नका.

तोंडावाटे द्यायची पातळ औषधंही यादीत घ्या. २०१६ मध्ये अमेरिकेत अनेक राज्यांत सेपेसिया पसरला होता तो डॉक्युसेट या शौचाच्या पातळ औषधातून. कारखान्याच्या पाण्याच्या यंत्रणेतच जंतू सापडला. ते औषध टोचायचं नव्हतं, म्हणून आधी कुणाला शंकाही येत नाही.

वॉर्डची_आयसीएन
आयसीयू बंद करायचं का?

पेट्रीडिश
संशयित द्रव काढून घेतले असतील तर लगेच गरज नाही. चौघांना एका बाजूला ठेवा, त्यांना वेगळा स्टाफ द्या, ग्लोव्ह-गाऊन घालूनच हात लावा. नवीन केस आली तर स्रोत अजून आत आहे असं धरा. मग प्रवेश थांबवा. आणि लॅबचं रजिस्टर सहा महिने मागे चाळा. ‘नॉन-फर्मेंटर’ (साखर न आंबवणारे जंतू) किंवा ‘सुडोमोनास, कोलिस्टिन रेझिस्टंट’ म्हणून सोडून दिलेले रिपोर्ट बघा. पाचवी केस बऱ्याचदा तिथेच दडलेली असते.