'राइट ऑफ' म्हणजे कर्जमाफी नव्हे. मग मराठीत म्हणायचं काय?

खतावणी
मी पतसंस्थेत कर्जविभागात आहे. गेल्या आठवड्यात एक मुलगा घरदुरुस्तीसाठी कर्ज मागायला आला. मोबाइलवर सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे आजवरच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, उघडून त्यानं माझ्यापुढे धरला. पूर्वी एका बँकेकडून मोटरसायकलसाठी कर्ज घेतलेलं, मग नोकरी सुटली, हप्ते थकले. त्या खात्यापुढे शब्द होते 'रिटन ऑफ', म्हणजे 'राइट ऑफ' केलेलं. तो अगदी मोकळेपणानं म्हणाला, "ताई, ते माफ झालंय. पेपरातपण येतं की, बँकांनी कर्जं माफ केली म्हणून." मी बोटानं त्याच्या खालची ओळ दाखवली. बाकी अठ्ठेचाळीस हजार. त्याचा चेहरा उतरला तो अजून डोळ्यांपुढून जात नाही.

'राइट ऑफ' हा जमाखर्चातला शब्द आहे. येणं वसूल होईल असं दिसत नाही, म्हणून बँक ती रक्कम ताळेबंदातल्या येण्यातून काढते. त्यासाठी आपल्याच नफ्यातून आधी तरतूद केलेली असते, आयकरातही त्याची वजावट मिळते. पण हे सगळं बँकेच्या वहीत. कर्जदाराचं देणं तसंच राहतं, जामीनदाराची मान अडकलेली राहते, कोर्टाची नोटीस येऊ शकते. असं असताना आपली वर्तमानपत्रं सर्रास 'कर्ज माफ' छापतात. माझ्या मते ही चूक आहे आणि तिची किंमत अशी मुलं मोजतात. तुम्हाला काय वाटतं?

जुना उपसंपादक
अनेक वर्षं डेस्कवर काढली आहेत, म्हणून उत्तर देणं माझ्याकडे लागतं. 'माफ' हा शब्द आम्ही अज्ञानानं वापरत नव्हतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारनं लोकसभेत आकडे दिले. २०१४-१५ पासूनच्या नऊ आर्थिक वर्षांत व्यापारी बँकांनी सुमारे १४.५६ लाख कोटींची कर्जं राइट ऑफ केली. त्यातली निम्मी मोठे उद्योग आणि सेवा क्षेत्रातली. आणि अशा खात्यांतून वसूल किती झाले? दोन लाख कोटींच्या आसपास. शंभरातले चौदा! उरलेल्या शहाऐंशींना वाचकानं काय म्हणायचं? व्याख्या तुमची बरोबर आहे ताई, पण शब्दाचा अर्थ शेवटी व्यवहारात काय घडतं त्यावर ठरतो.

खतावणी
सर, आकडे मान्य. पण त्यातून निघतं ते एवढंच की वसुली वाईट आहे. जो पैसा अजून मागता येतो त्याला आपणच 'माफ' म्हटलं तर मागणाऱ्याचा हात आपणच खाली केला. बुडव्याला हेच हवं असतं.

आणि खरी माफी कशी दिसते ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय. २०१९ ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना घ्या. दोन लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज, रक्कम सरकारनं भरली, खातं निल झालं, शेतकऱ्याला नवं पीककर्ज मागता आलं. राइट ऑफमध्ये बँकेला कोणीच पैसे देत नाही. सातबाऱ्यावर बोजा असेल तर तोही तसाच राहतो. या दोन गोष्टींना एकच शब्द कसा चालेल?

गडहिंग्लजकर
मला दोघांचंही पटत नाही. शेतकऱ्याचं झालं की 'माफी', कारखानदाराचं झालं की 'राइट ऑफ'. माफी गुन्हेगाराला देतात. दुष्काळानं हप्ता थकला यात गुन्हा कसला? सरकारलाही हा शब्द बोचला असणार. २०१७ च्या योजनेच्या नावात 'सन्मान' आहे, २०१९ च्या नावात 'कर्जमुक्ती'. आता तुम्ही मोठ्यांसाठी नेमका, स्वच्छ, तांत्रिक शब्द शोधताय. माझ्या वडिलांच्या दारात सोसायटीची माणसं जप्तीला आली तेव्हा अंगणातली म्हैस सोडून नेली, तांत्रिक शब्द कोणी शोधला नाही. 'माफ' लिहा. टोचू दे.

खतावणी
दादा, म्हशीचं वाचून गलबललं. तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण 'माफ' हा शब्द ज्यांना टोचावा असं तुम्हाला वाटतं, त्यांच्याकडे सीए आणि वकील असतात, त्यांना अर्थ बरोबर ठाऊक असतो. फसतो तो मोटरसायकलवाला.

शब्दवेडा
मराठीत शब्द आहे की! 'निर्लेखन'. शासनाच्या कागदांत कधीपासूनचा रुळलेला. लेखातून बाहेर काढणं, म्हणजे इंग्रजी क्रियापदाच्या अगदी जवळ. इंग्रजीत सगळी गंमत त्या 'ऑफ'मध्ये आहे. 'राइट डाउन' म्हटलं तर मालमत्तेची किंमत वहीत उतरवली पण काही उरली, 'राइट ऑफ' म्हटलं की शून्य. एका लहानशा शब्दानं एवढा फरक पडतो.

फळा-खडू
निर्लेखनाला माझा विरोध, आणि अनुभवावरून. आमच्या शाळेत जडसंग्रह नोंदवही असते. मोडकी बाकं, गंजलेली कपाटं यांचं निर्लेखन होतं. यादी, मंजुरी, मग लिलाव. मागच्या वेळी भंगारवाल्याच्या टेम्पोत बाकं चढताना मी वहीत सही केली. सही झाली, विषय संपला, ते बाक परत येत नाही. हाच शब्द कर्जाला लावला तर आमच्या शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे हेच समजणार की कर्ज भंगारात गेलं, संपलं. म्हणजे 'माफ'चीच चूक, फक्त संस्कृतात.

शब्दवेडा
हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. इंग्रजीतही वस्तूच्या बाबतीत अर्थ तसाच आहे. अपघातात गाडी दुरुस्तीपलीकडे गेली की ती 'राइट ऑफ'. माणसाबद्दलही म्हणतात, तिथे आपलं 'मोडीत काढणं' चपखल बसतं. १९८३ च्या वर्ल्ड कपला भारतीय संघाला असंच मोडीत काढलं होतं. कर्जाचं तेवढं निराळं, कारण तिथे वहीतून गेलेली गोष्ट जगातून गेलेली नसते.

मग घरगुती शब्द घेऊ. मित्राला दिलेले पैसे परत येत नाहीत कळलं की आपण म्हणतो 'अक्कलखाती टाकले'. बघा, खातं आहे, टाकणं आहे, आशा सोडणं आहे. आणि मित्र सुटला असं त्यात कुठेही नाही! उद्या तो पैसे घेऊन आला तर आपण घेणारच.

जुना उपसंपादक
अक्कलखाती बातमीत चालणार नाही, टोमणा होतो. पण त्याच घरातला 'बुडीत खाती' चालेल. '१४ लाख कोटींची कर्जं बुडीत खाती'. शीर्षकात बसतं, वाचकाला कळतं, आणि बुडवणारा कोणीतरी आहे हेही ऐकू येतं. मात्र बातमीच्या पहिल्या परिच्छेदात वसुली किती झाली ते दिलंच पाहिजे. नाहीतर 'बुडीत खाती' हाही पांघरुणाचा शब्द होईल.

गडहिंग्लजकर
'बुडीत'ला माझी हरकत कमी आहे. पण मग शेतकऱ्यालाही 'माफी' म्हणणं बंद करा. दोन्ही एकाच दिवशी सुरू करा, तर मान्य.

खतावणी
शेतकऱ्याबाबत तुमचं पूर्ण मान्य, 'कर्जमुक्ती'च लिहावं. 'बुडीत खाती' मलाही पटतंय, फक्त काउंटरवर तेवढ्यानं भागत नाही. कालच टेबलावरच्या काचेखाली कागद सरकवला: "रिपोर्टवर 'रिटन ऑफ' असेल तर कर्ज बुडीत खाती टाकलेले आहे. देणे बाकी आहे. पूर्ण भरून बेबाकी दाखला घ्यावा." मॅनेजरसाहेबांनी 'देणे बाकी आहे' खाली लाल रेघ मारायला सांगितली.

तो मुलगा आज पुन्हा येऊन गेला. बँकेत जाऊन आकडा काढून आणला होता, व्याजासकट एकसष्ट हजार. तिथल्या माणसानं तडजोडीत कमी करून देतो म्हटलंय. मी त्याला सांगितलं की तडजोड केलीस तर रिपोर्टवर 'सेटल्ड' येईल, आणि तोही शब्द दिसतो तितका साधा नाही. त्यानं आकड्याचा कागद पुन्हा वाचून सावकाश घडी घातली आणि म्हणाला, बायकोशी बोलून सोमवारी कळवतो.