मदत हवी आहे : दोन इयत्ता, एक खोली आणि एक फोन असताना ऑनलाइन साधने कशी वापरावीत?

सर्वांना नमस्कार.

पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात, एका पाड्यावरील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मी तिसरी आणि चौथी या दोन इयत्ता एकाच खोलीत शिकवते. पहिली आणि दुसरी माझे सहकारी सर सांभाळतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे आमच्यासारख्या शाळांत बहुवर्ग अध्यापन ही नेहमीचीच स्थिती असते आणि एका इयत्तेला शिकवत असताना दुसऱ्या इयत्तेने काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक तासाला नव्याने उभा राहतो. ऑनलाइन साधने नीट शिकून घ्यावीत, असे मला वाटू लागले ते याच प्रश्नामुळे. म्हणून या विषयातील अनुभवी शिक्षक आणि तंत्रज्ञान जाणणारे सभासद यांच्याकडून मला मार्गदर्शन हवे आहे.

आधी आमच्याकडे काय आहे ते सांगते, म्हणजे उत्तर देणे सोपे होईल. लोकवर्गणीतून घेतलेला एक टीव्ही आहे आणि त्याला पेन ड्राइव्ह लावता येतो. एक टॅब आहे. माझा स्वतःचा फोन आहे. वर्गखोलीत नेटवर्क जेमतेम मिळते, व्हरांड्याच्या एका टोकाला ते बऱ्यापैकी असते. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. पालकांपैकी काहींकडे स्मार्टफोन आहेत, परंतु भातकापणी आटोपली की अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे वसई, भिवंडीच्या बाजूला वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि फोन त्यांच्यासोबत जातो. त्यामुळे मुलांनी घरी फोनवर अमुक करावे, असे सुचवणारे उपाय आमच्या उपयोगाचे नाहीत. जे करायचे ते शाळेच्या वेळेत, शाळेतील साधनांवरच व्हायला हवे.

सध्या मी सर्वाधिक वापरते ते दीक्षा हे सरकारी शैक्षणिक ॲप. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करून त्या घटकाचे साहित्य उघडते आणि ते आधी डाउनलोड करून ठेवता येते, हा त्याचा आमच्यासाठी सर्वांत मोठा गुण आहे. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) गावी शिक्षकांच्या शिक्षण परिषदेला गेले की पुढच्या घटकांचे साहित्य मी तिथेच उतरवून आणते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, हे आपणा सर्वांना माहीत आहे. त्या वेळी आमच्या भागातील कितीतरी शिक्षकांना प्रथमच वाटले की हे काम जिल्हा परिषदेच्या साध्या वर्गातही होऊ शकते, आणि मीही त्यांपैकी एक होते.

मात्र वर्गात वापरताना एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवछत्रपतींचा इतिहास शिकवताना प्रतापगड किंवा राजगड टीव्हीवर दाखवला, की जी मुले तालुक्याबाहेर गेलेली नाहीत त्यांनाही तट, बुरूज, माची म्हणजे काय हे लगेच कळते आणि पुढचे दोन दिवस प्रश्न विचारणे थांबत नाही. तिथे व्हिडिओला तोड नाही. वाचन आणि गणितातील क्रिया यांचे तसे होत नाही. दशक सुटा करून वजाबाकी कशी करायची हे कितीही सुंदर चित्रांनी दाखवले, तरी ज्या मुलाला दशक आणि एकक यांचा संबंध उमगलेला नाही ते मूल व्हिडिओ आनंदाने पाहते आणि वहीत पुन्हा मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून मोकळे होते. व्हिडिओ चालू असताना सगळा वर्ग सारखाच तल्लीन दिसतो, त्यामुळे कोण मागे राहिले आहे हे ओळखणे अधिकच कठीण जाते. म्हणून आता मला दाखवणाऱ्या साधनांपेक्षा मुलांकडून काहीतरी करून घेणारी आणि कोणाला कुठे अडते हे मला त्याच दिवशी सांगणारी साधने हवी आहेत.

पहिली अडचण वाचनाची आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत, अशी अपेक्षा ठेवलेली आहे. प्रत्येक मुलाला समोर बसवून ऐकायचे म्हटले, तर तेवढा वेळ दुसरी इयत्ता रिकामी राहते. मुलाचे वाचन ऐकून चूक दाखवणारे एक ॲप मी टॅबवर वापरून पाहिले. मुलांना ते आवडले, पण आमच्याकडे मुलांच्या घरी वारली आणि कोकणा बोलली जाते, त्यांची बोलण्याची लकब वेगळी असते आणि काही मुलांच्या बोलण्यात ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील फरक पुसट असतो. शब्द ओळखून, अर्थ समजून वाचणाऱ्या मुलालाही ॲप तोच शब्द पुन्हा वाचायला लावते, आणि दोन-तीनदा असे झाले की मूल टॅब बाजूला ठेवून देते. मुलाला वाचता येत नाही आणि मुलाचा उच्चार वेगळा आहे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ होऊ न देता वाचनाची नोंद ठेवण्याचा मार्ग कोणी काढला आहे काय?

दुसरी अडचण रोजच्या उजळणीची आहे. प्रत्येक मुलाच्या हाती उपकरण असल्याशिवाय चालत नाहीत अशा प्रश्नमंजुषा आमच्याकडे शक्य नाहीत. छापील कार्डे मुलांनी उंच धरायची आणि शिक्षकाने एकाच फोनच्या कॅमेऱ्याने सर्वांची उत्तरे टिपायची, असे प्लिकर्स नावाचे साधन असल्याचे मी वाचले आहे. ते मराठी वर्गात, कमी नेटवर्कवर कोणी नियमित वापरत असेल तर सविस्तर लिहावे.

नोंदी कुठे ठेवाव्यात हेही विचारायचे आहे. गूगल फॉर्म भरायला इंटरनेट लागते, त्यामुळे वर्गात बसून तो भरता येत नाही, आणि कागदावरच्या नोंदी महिनाअखेरीस एकत्र करताना वेळ फार जातो.

शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याविषयी आपल्या गटांमध्ये फारसे बोलले जात नाही. अनेक साधने मुलाचे नाव, जन्मतारीख किंवा स्वतंत्र खाते मागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी लागते. आमच्या काही पालकांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांना हे सर्व समजावून, त्यांची खरोखरची संमती कशी घ्यावी? केवळ अंगठा उमटवून घेणे मला योग्य वाटत नाही.

आपल्या अनुभवातून जे सुचेल ते कृपया लिहावे.

प्रतिसाद : सातपुडा_गुरुजी

मॅडम, आपला प्रश्न वाचला. मी धडगाव तालुक्यात शिकवतो आणि प्लिकर्स नियमित वापरतो, म्हणून त्याविषयी लिहितो.

प्रत्येक मुलाला एक क्रमांकाचे कार्ड मिळते. कार्डावर चौकोनी काळी नक्षी असते आणि तिच्या चार बाजूंना चार पर्यायांची अक्षरे बारीक छापलेली असतात. ज्या पर्यायाची बाजू वर धरली, ते त्या मुलाचे उत्तर. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजारच्याचे कार्ड पाहून उत्तर नक्कल करता येत नाही, आणि हे मुलांच्या एकदा लक्षात आले की ती स्वतः विचार करू लागतात. माझ्या मते या साधनाचा खरा फायदा हाच आहे, कारण हात वर करून उत्तर विचारले की वर्गातील चार मुलेच बोलतात आणि बाकीची त्यांच्या मागे जातात.

इंटरनेट लागते, पण व्हिडिओ पाहण्याइतके नाही. आपल्या व्हरांड्याच्या टोकाला नेटवर्क असेल तर उजळणीचा तास तिथेच घ्यावा. प्रश्न ॲपमध्ये टंकत बसू नये. तो फळ्यावर लिहावा, ॲपमध्ये केवळ प्रश्नाचा क्रमांक आणि बरोबर पर्याय नोंदवावा. अक्षरे इंग्रजी असल्याने पहिल्या आठवड्यात मुलांची गडबड होते, म्हणून मी फळ्यावर पर्यायांपुढे तीच अक्षरे मोठी काढतो. कार्डांना चकचकीत प्लास्टिकचे आवरण देऊ नये, कारण त्यावर उजेड पडला की कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली साधी छापील कार्डे बराच काळ टिकतात. मुलांची नावेही भरू नयेत, हजेरीतील क्रमांक पुरेसा आहे. त्यामुळे आपल्या शेवटच्या मुद्द्यातील निम्मी चिंता आपोआप मिटते.

प्रश्नाचे पर्याय मात्र विचारपूर्वक काढावे लागतात. ५२ मधून २८ वजा करायचे असतील, तर २४ या उत्तराबरोबर ३६ हा पर्याय हवाच, कारण मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणारे मूल नेमके तिथे पोहोचते. हातचा न घेता बेरीजच करणाऱ्या मुलासाठी ७० ठेवावे. असे पर्याय असले की कोणाचे उत्तर चुकले एवढेच कळून थांबत नाही, ते कशामुळे चुकले हेही त्याच क्षणी दिसते. मग ३६ म्हणणारी मुले एका बाजूला घेऊन काड्या आणि गठ्ठे मांडून दशक सुटा करायला बसवता येते आणि तेवढ्या वेळात उरलेल्यांना पुढची उदाहरणे देता येतात. फोन सांगतो ते इथपर्यंतच, त्यापुढचे काम काड्यांनीच होते.

प्रतिसाद : वाचनवेडी

ताई, वाचनासाठी मी कोणतेही ऐकणारे ॲप वापरत नाही, फोनमधील साधा ध्वनिमुद्रक वापरते. त्याला इंटरनेट लागत नाही. महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक मुलाचे एक मिनिटाचे वाचन ध्वनिमुद्रित करावे, फाइलला हजेरी क्रमांक आणि महिना एवढेच नाव द्यावे आणि ऐकण्याचे काम शाळा सुटल्यावर करावे. ध्वनिमुद्रण करताना चौथीतील एखादे जबाबदार मूल टॅब सांभाळू शकते, त्यामुळे आपल्याला दुसऱ्या इयत्तेसोबत राहता येते. उच्चार वेगळा आहे की शब्दच वाचता आला नाही, हे आपल्या कानांना कळते. त्यानंतर दोन सोपे प्रश्न विचारून अर्थ समजला का, ते स्वतंत्रपणे नोंदवावे. मुलाला त्याचे आधीचे आणि आताचे वाचन ऐकवले, तर आपण पुढे गेलो हे त्याला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

वाचायला काय द्यावे, यासाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेचे स्टोरीवीव्हर हे गोष्टींचे संकेतस्थळ पाहावे. २०१५ पासून ते सर्वांसाठी खुले आहे, गोष्टी चार वाचनस्तरांत लावलेल्या आहेत आणि त्या उतरवून छापता येतात. परवाना मोकळा असल्याने मूळ लेखक व चित्रकार यांचा उल्लेख ठेवून गोष्टीचे भाषांतर करण्याची मुभाही आहे. आपल्या पाड्यावरील एखाद्या आजीकडून गोष्ट वारलीत सांगून घ्यावी, मुलांकडून लिहून घ्यावी आणि एका पानावर वारली, समोरच्या पानावर मराठी अशी छापून वर्गात ठेवावी. पहिलीतून नुकत्याच आलेल्या मुलांनाही अशा पुस्तकाचा फार आधार वाटतो.

नोंदींसाठी गूगल शीट्समधील फाइल फोनवर ऑफलाइन उपलब्ध करून ठेवता येते. ओळींत हजेरी क्रमांक आणि स्तंभांत अध्ययन निष्पत्ती (मुलाला काय यायला हवे ते) ठेवाव्यात. नेटवर्क नसताना भरलेले पुढे आपोआप जमा होते.

प्रतिसाद : धागाकर्ती

सातपुडा गुरुजी आणि वाचनवेडी ताई, दोघांचेही मनापासून आभार. चुकीच्या पर्यायांची रचना कशी करावी, हे मला या धाग्यातून मिळालेले सर्वांत मोलाचे उत्तर आहे. चौथीच्या गुणाकारासाठी असे पर्याय मी आजच काढायला घेतले आहेत आणि ते तयार झाले की इतरांना वापरता यावेत म्हणून याच धाग्यावर देईन.

संमतीविषयी मी असे ठरवले आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेत सर्व पालकांना बोलावून एका मुलाच्या वाचनाचे ध्वनिमुद्रण कसे करतो, त्यात काय साठवले जाते आणि वर्ष संपल्यावर ते कसे पुसले जाईल, हे टॅबवर प्रत्यक्ष दाखवायचे. समजावणे वारली आणि कोकणा या भाषांतून व्हावे म्हणून समितीच्या अध्यक्षांना मी विनंती केली आहे. ज्या पालकांची इच्छा नसेल त्यांच्या मुलांचे वाचन मी समोर बसून ऐकेन, आणि त्यामुळे त्या मुलांना वर्गात कोणत्याही प्रकारे वेगळे वाटणार नाही याची काळजी घेईन. मुलांचे आवाज किंवा छायाचित्रे कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर टाकली जाणार नाहीत, हेही सभेच्या इतिवृत्तात लिहून घेणार आहे.

एक प्रश्न अजून उरतो. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीनंतर पालकांबरोबर जातात आणि काही महिन्यांनी परततात. वीटभट्टीजवळच्या शाळेत ती दाखल झाली, तर त्यांच्या वाचनाची व गणिताची ही नोंद तिथल्या शिक्षकांपर्यंत सुरक्षितपणे पोहोचवण्याची पद्धत कोणी वापरली आहे काय? वसई किंवा भिवंडी तालुक्यात शिकवणारे सभासद येथे असतील, तर त्यांनी अशी मुले वर्गात आल्यावर त्यांना कोणती माहिती सर्वप्रथम हवी असते, ते लिहावे. त्यानुसार मी नोंदीचे स्तंभ आखेन.