मदत हवी आहे : दुसऱ्याचे वाक्य उद्धृत करताना माझ्याकडून एक शब्द गळाला, दुरुस्ती कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी चोपडा तालुक्यात केळी पिकवतो. आमच्या पाच-सहा गावांतील शेतकऱ्यांचा एक व्हॉट्सॲप गट आहे आणि त्यात भावापासून खतापर्यंत सगळी चर्चा चालते. यंदा जूनमध्ये लावलेल्या मृगबागेत काही जणांच्या रोपांवर हरण्या, म्हणजे मावा या किडीमुळे पसरणारा काकडी मोझॅक विषाणूचा रोग, दिसू लागला. रोपे एका नर्सरीतून आलेली असल्यामुळे नर्सरीकडून भरपाई मागावी असा विषय निघाला. त्यावर आमच्या गावातील एका वडीलधाऱ्या शेतकऱ्यांनी, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, एक लांब संदेश लिहिला. त्यातील मुख्य भाग असा होता : "भरपाई मागायची तर जरूर मागा, मीही सोबत येतो. पण बांधावर काकडी-गिलक्याचे वेल तसेच ठेवून, शेजारी मिरची लावून आणि मावा न आवरता नुसते नर्सरीच्या नावाने बोटे मोडून उपयोग नाही. रोग दिसलेली झाडे आधी उपटा."

तालुक्याच्या मोठ्या गटात हाच वाद पेटला, तेव्हा मी तेथे लिहिले की आमचे जाणते नानाही म्हणतात, "नर्सरीच्या नावाने बोटे मोडून उपयोग नाही." अवतरणचिन्हातील प्रत्येक शब्द नानांचा होता आणि क्रमही त्यांचाच होता. मी फक्त त्यांचे वाक्य एक शब्द उशिरा सुरू केले आणि 'नुसते' मागे राहिले. 'ध'चा 'मा' करायला निदान एक अक्षर तरी बदलावे लागते. मी एकही अक्षर बदलले नव्हते, तरी अर्थ पार फिरला. नाना नर्सरीच्या बाजूचे आहेत असा समज पसरला, एकाने त्यांना नर्सरीचा दलाल म्हटले, आणि माझा संदेश पुढे कोणकोणत्या गटांत गेला ते मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी नातवाला फोन दिला आणि दोन्ही संदेश मोठ्याने वाचायला लावले, आधी त्यांचा आणि मग माझा. मुलगा पाचवीत असेल. तो बोट ठेवून एकेक शब्द वाचत होता. वाचून झाल्यावर नाना रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "मना 'नुसते' कथा गया?" म्हणजे, माझे 'नुसते' कुठे गेले? त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मला मनापासून मदत हवी आहे. पहिली अडचण दुरुस्तीची. व्हॉट्सॲपवर संदेश पाठवल्यानंतर १५ मिनिटांपर्यंतच बदलता येतो आणि ती वेळ केव्हाच टळली होती. पुसून टाकावा तर लोकांनी काढलेले स्क्रीनशॉट राहणारच, शिवाय मी लपवाछपवी केली असे दिसेल. दुसरी अडचण अशी की नाना बहुतेक वेळा अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशच्या बोलीत, बोलून आवाजी संदेश पाठवतात. मी तो प्रमाण मराठीत उतरवून अवतरणात टाकत आलो आहे. हे योग्य आहे का? आणि लहान गटात विश्वासाने लिहिलेले मोठ्या गटात न विचारता नेणेच मुळात चुकीचे होते का?

प्रतिसाद, अमळनेरहून

मी अनेक वर्षे शाळेत मराठी शिकवले, म्हणून चिन्हांपासून सुरुवात करतो. दुहेरी अवतरणचिन्ह म्हणजे 'हे शब्द माझे नाहीत, त्यांच्या तोंडचे जसेच्या तसे आहेत' असे दिलेले वचन आहे. मधला भाग गाळला असेल तर तेथे तीन टिंबे द्यावीत, आणि समजण्यासाठी आपला एखादा शब्द घालावा लागला तर तो चौकटी कंसात टाकावा, म्हणजे पदरचे काय आणि त्यांचे काय ते वाचणाऱ्याला वेगळे दिसते. पण आपल्या प्रसंगात टिंबे असती तरी न्याय झाला नसता, कारण गळालेला शब्दच वाक्याची मर्यादा सांगत होता. 'नुसते', 'बहुधा', 'जर', 'सध्या', 'माझ्या शेतापुरते' हे शब्द दिसायला किरकोळ असतात, मात्र बोलणाऱ्याने आपले म्हणणे किती ताणायचे ते त्यांतच सांगितलेले असते. वाक्य कापण्याआधी ते शोधावेत आणि काहीही झाले तरी ते गाळू नयेत.

आपल्या भाषेची एक खोड येथे लक्षात घ्यावी लागते. 'नाना म्हणाले की मी भरपाई मागणार नाही' या वाक्यात 'मी' कोण, नाना की लिहिणारा? बोलताना सुरावरून ते कळते, लिहिताना कळत नाही. म्हणून आपल्या शब्दांत सारांश द्यायचा असेल तर अवतरणचिन्हे काढून 'भरपाई मागू नये असे नानांचे मत असल्याचे मला वाटले' असे स्पष्ट लिहावे. क्रियापदाकडेही लक्ष ठेवावे. 'म्हणाले' हे सरळ आहे. 'कबूल केले' लिहिले की जणू त्यांनी काही लपवले होते, आणि 'ते म्हणे सोबत येणार आहेत' यातील 'म्हणे' तर त्यांच्या शब्दावरच शंका घेते. एकही अवतरण न बदलता माणसाला खोटे पाडायला तेवढे एक 'म्हणे' पुरते, आणि वादाच्या भरात ते आपल्या सर्वांच्या लेखणीतून सहज उतरते.

प्रतिसाद, धुळ्याहून

अहिराणीच्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहिते, कारण मी आमच्याकडच्या बायकांची गाणी ऐकून उतरवून ठेवते आणि हा पेच मला रोज पडतो.

समजा नाना म्हणाले, "रोप चांगलं शे, पन वावर चांगलं नही." त्याचे प्रमाण मराठीत 'रोप निर्दोष आहे, शेतच सदोष आहे' असे केले तर 'निर्दोष' आणि 'सदोष' हे शब्द नानांच्या तोंडी आपण घातले. ते तक्रारअर्जातले शब्द आहेत. नानांनी बांधावर उभे राहून म्हटलेली साधी गोष्ट त्यामुळे निवाड्यासारखी वाटू लागते. मी असे करते : मूळ अहिराणी ओळ अवतरणात ठेवते, आणि तिच्या खाली अवतरणचिन्हांशिवाय 'अर्थ साधारण असा' म्हणून मराठीत लिहिते. ज्याला अहिराणी येते त्याला मूळ ताडून पाहता येते, ज्याला येत नाही त्याचेही अडत नाही. आवाजी संदेश असेल तर ऐकून उतरवले आहे एवढे नमूद करावे.

बोली सुधारून देणे हा उपकार आहे असे मानणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी म्हटलेले त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरच्या माणसांनी उतरवून ठेवले, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ते छापून आले, त्यांच्या बोलीसकट. उतरवणाऱ्यांनी ती बोली प्रमाण मराठीत घासून-पुसून घेतली असती तर आपल्या हाती काय उरले असते, याचा विचार प्रत्येक अवतरणाच्या वेळी करण्यासारखा आहे, मग ते अवतरण केळीवरच्या रोगाविषयी का असेना.

प्रतिसाद, शहाद्याहून

दुरुस्तीविषयी सांगतो. मूळ संदेश पुसू नका. त्यालाच उत्तर देऊन खाली नानांचे पूर्ण वाक्य द्या आणि 'मी नुसते हा शब्द गाळला, त्यामुळे त्यांचे मत उलटे दिसले, चूक माझी आहे' एवढेच लिहा. तुमचा हेतू चांगला होता, घाई झाली होती, दुसऱ्यांनीही असे केले आहे, यांपैकी काहीही लिहू नका. त्याने दुरुस्ती तुमच्याविषयी होते आणि नाना बाजूला राहतात. चूक जेथवर पोचली तेथवर दुरुस्ती पोचली पाहिजे, म्हणून ज्यांनी तुमचा संदेश पुढे पाठवला त्यांना एकेकाला विनंती करावी लागेल. पुढे पाठवलेल्या संदेशावर मूळ लिहिणाऱ्याचे नाव राहत नाही, तेव्हा दुरुस्तीच्या मजकुरातच कोणाचे म्हणणे, कोणी आणि कोठे चुकीचे दिले, हे लिहून टाका.

लहान गटातले मोठ्या गटात नेण्याआधी विचारलेच पाहिजे. एक फोन करायचा असतो. माणूस पाच ओळखीच्यांत बोलतो तसे पाचशे अनोळखींत बोलत नाही.

याचा अर्थ दर वेळी समोरच्याचा अख्खा संदेश डकवावा असाही नाही. चाळीस ओळींच्या खाली 'सहमत' लिहिलेले कोणी वाचत नाही. ज्या मुद्द्याला उत्तर द्यायचे तो मुद्दा, त्याच्या अटींसह, पुरे.

धागालेखक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी दुरुस्तीचा मजकूर लिहून, पाठवण्याआधी, नानांकडे वाचायला नेला. त्यात मी त्यांचा पूर्ण संदेश, माझी चूक आणि माफी असे क्रमाने लिहिले होते. त्यांनी ऐकून घेतले आणि क्रम बदलायला सांगितला. पाऊस लागून राहिला आहे आणि माव्यामुळे रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आहे, तेव्हा रोगट झाडे उपटण्याचे वाक्य सर्वांत वर घ्यावे, त्यांच्या नावाचे खाली आले तरी चालेल, असे त्यांचे म्हणणे होते. हे मी माझ्या शब्दांत सांगतो आहे. ते अहिराणीत बोलले आणि मी तेव्हा उतरवून घेतले नाही.

मजकूर त्याच क्रमाने दोन्ही गटांत पाठवला आहे. आणखी तीन गटांत माझा जुना संदेश गेल्याचे कळले, त्यांपैकी दोन ठिकाणी दुरुस्ती पोचली. तिसऱ्या गटात माझ्या ओळखीचे कोणी नाही. शिरपूरकडचे कोणी येथे वाचत असेल आणि त्या गटात असेल, तर कृपया मला व्यक्तिगत निरोप करावा.