लस आहे, गोळ्या आहेत, यंत्रंही आहेत. मग अडतं कुठे? (अनुभव धागा)

गोव्यात अंतरं लहान. बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), म्हापशाला आझिलो आणि मडगावला हॉस्पिसियो ही जिल्हा रुग्णालयं, शिवाय तालुक्यातालुक्यांत आरोग्यकेंद्रं. तरीही केंद्रात पोचलेला उपचार रुग्णाच्या अंगी लागेपर्यंत मध्ये काहीतरी निसटतं. रोज हे काम हाताळणाऱ्यांनी इथे लिहावं. कुणाचं चुकलं ते नको; काय, किती, कधी आणि कशामुळे बिघडतं ते लिहा. वाचून दुसऱ्या केंद्रात कुणाला तसंच करून पाहता आलं पाहिजे.

शीतसाखळी, डिचोली

लस उष्णतेने बिघडते हे सगळ्यांना पाठ असतं. ती गोठूनही बिघडते, याकडे मात्र दुर्लक्ष होतं. पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), हेपॅटायटिस-बी, टीडी (धनुर्वात-घटसर्प) या लसींत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात. गोठल्या की त्यांचे कण गोळा होतात आणि लशीचा जोर जातो.

व्हॅक्सिन कॅरियरमध्ये, म्हणजे लस सत्राला न्यायच्या थंड पेटीत, चार आइसपॅक लागतात. डीप फ्रीजरमधून काढून ते थेट भरले की कडेच्या बाटल्या गोठल्याच म्हणून समजा. पॅक टेबलावर सुटे मांडायचे, त्यांना घाम सुटू द्यायचा. कानाशी धरून हलवल्यावर आत पाणी खळखळलं, की मगच भरायचे. सत्राला निघायच्या घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. म्हणून पॅक बाहेर काढायचं काम सकाळी केंद्र उघडणाऱ्याकडे द्या, लस भरणाऱ्याकडे ठेवू नका.

बाटलीवरचा व्हीव्हीएम (रंग बदलणारी खूण) फक्त उष्णता दाखवतो, गोठणं नाही. शंका आली तर शेक टेस्ट करा. त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित बाटलीबरोबर हलवायची आणि दोन्ही शेजारी उभ्या ठेवून अर्धा तास बघायच्या. संशयित बाटलीतला गाळ गोठवलेल्या बाटलीइतक्याच वेगाने तळाला बसला, तर ती वापरायची नाही. दुसऱ्या बॅचची बाटली घेऊन केलेल्या परीक्षेला अर्थ नाही.

आयएलआरचं (लस ठेवायच्या फ्रीजचं) तापमान 2 ते 8 अंश. तळाशी गारवा जास्त, म्हणून गोठून बिघडणाऱ्या या लसी टोपलीत, वरच्या बाजूलाच. पावसात वीज गेली की झाकण उघडू नका. किती गरम झालं हे बघायला दर तासाला उघडणं हेच लशीला बाधतं.

ड्रेसिंग आणि इंजेक्शन, पेडणे

कुत्रा चावला की पहिला उपचार वाहतं पाणी आणि साबण, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. चुना किंवा मिरचीपूड लावून आलेली जखमसुद्धा आधी तशीच धुवायची.

रक्त आलं म्हणजे रेबीजच्या धोक्याचा तिसरा, सगळ्यात गंभीर वर्ग, तिथे नुसत्या लशीवर भागत नाही. लशीने प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. तेवढे दिवस सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडं, सांभाळतं. घोड्याचं सीरम किलोमागे 40 युनिट, म्हणजे 60 किलोच्या माणसाला जास्तीत जास्त 2400. ते जखमेत आणि जखमेभोवती द्यायचं. सगळं दंडात देऊन टाकलं तर जखमेतला विषाणू जागच्या जागी राहतो. बोटाच्या टोकाला मात्र मावेल तेवढंच. जोर लावून भरलं तर बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका; सीरमची तीव्र अ‍ॅलर्जी आली तर ते लागतं.

लस त्वचेत, दोन्ही दंडांवर 0.1 मिली, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. संत्र्याच्या सालीसारखा फुगा उठला पाहिजे. उठला नाही तर सुई खोल गेली. तो डोस धरू नका, शेजारी पुन्हा टोचा. गळती होते ती 28 व्या दिवसाला. कार्डावर ‘28 वा दिवस’ न लिहिता तारीख आणि वार लिहा.

गोवा 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला तो भटक्या कुत्र्यांच्या लसीकरणामुळे. ‘आता आपल्याकडे रेबीज नाही’ म्हणून लोक इंजेक्शन अर्धवट सोडतात, ही मला खरी काळजी वाटते.

हिवताप, पणजी

बांधकामांवर हिवताप पसरवणारा अ‍ॅनाफिलिस स्टीफेन्सी डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो: स्लॅबवर क्युरिंगसाठी (काँक्रीट ओलं ठेवायला) बांधलेले वाफे, लिफ्टचा खड्डा, झाकण नसलेली टाकी. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो, तेव्हा आठवड्यातून एकदा सगळं पाणी काढून पूर्ण कोरडं करायचंच. वाफे भरणाऱ्या मजुराला हे सांगून काही होत नाही, क्युरिंग थांबवणं त्याच्या हाती नसतं. साइट सुपरवायझरला गाठा आणि वार ठरवून घ्या.

व्हायवॅक्स या प्रकारच्या हिवतापात क्लोरोक्विनने तीन दिवसांत ताप उतरतो आणि माणूस कामाला लागतो. यकृतात दडलेले जंतू मारायला प्रायमाक्विन 14 दिवस हवं, प्रौढाला रोज 15 मिलीग्रॅम. तेवढ्यात साइट बदलते, गोळ्या सुटतात, पुढे ताप पुन्हा उलटतो. पहिल्याच दिवशी मुकादमाचा फोन आणि पुढच्या साइटचं ठिकाण लिहून घ्या, म्हणजे तिथल्या केंद्राला उरलेल्या गोळ्यांचा हिशेब कळवता येतो. लघवी काळपट झाली तर गोळी लगेच थांबवून केंद्रात यायचं, हे त्याच्या भाषेत सांगा. रक्तात जी-6-पीडी या एन्झाइमची कमतरता असली तर या गोळीने रक्तपेशी फुटतात. गरोदर बाईला प्रायमाक्विन नाही.

वाळपई

माकडतापाबद्दल थोडंच. काजूच्या हंगामात बागायतीत जाणाऱ्यांना हा ताप पसरवणारी गोचीड चावते. अंगभर कपडे, पायांना डेपा तेल (गोचीड दूर ठेवणारं), घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ. पाचोळ्यावर बसू नये. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता केंद्राला कळवा. तापाला पॅरासिटॅमॉलच, रक्तस्रावाचा धोका असल्याने अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको.

प्रयोगशाळा, फोंडा

क्षयाच्या तपासणीचं ट्रूनॅट यंत्र आपल्या वेर्ण्यातल्या कंपनीचं. बॅटरीवर चालतं, तासाभरात निकाल देतं, एसीची खोली लागत नाही. पण डबीत बेडक्याऐवजी थुंकी आली तर यंत्र काय करणार? सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोनदा खोल श्वास, तिसऱ्याला पोटातून खोकायचं. किमान 2 मिली, घट्ट आणि चिकट हवं. हे उघड्यावर, मोकळ्या हवेत करायला लावा, संडासात किंवा बंद खोलीत नको. रुग्णासमोरच डबी उजेडात धरून बघा. पाण्यासारखं दिसलं तर लगेच दुसरी डबी द्या, तो परत येईलच असं धरून चालू नका. नाव डबीच्या अंगावर लिहा. झाकणावर लिहिलं तर झाकणं बदलतात.